दाजींची हरकत

दाजी, तुम्ही जाऊन अजून पंधरवडा झाला नाही आणि मला तुमचा राग येऊन राहिलाय. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मग काय करावं? तुमच्यापायी माझ्या कंधारच्या दुकानाला किती वेळा कुलूप लागलं ते गिऱ्हाइकांना विचारा. बांगड्या-टिकल्यांचं दुकान, आणि ऐन लगीनसराईत कुलूप! मालक कुठं गेले? तर दाजींबरोबर कचेरीत. आमच्या गल्लीत एकाला तर खात्री होती की माझ्यावर खुनाची केस चालू आहे.

आक्का म्हणाली, लिहून काढ, जरा हलकं वाटंल. ती तुमची बायको असली तरी माझी थोरली बहीण आहे, तिचं मी ऐकतो. तुम्ही ऐकत नव्हता, त्याचं काय झालं ते पुढं येईलच. तर लिहितो. पण गोडगोड लिहिणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

काय मागत होता तुम्ही? एक कोपरा. सावरगावच्या तुमच्या रानात, विहिरीच्या वरच्या अंगाला, जिथं तुमच्या घराण्यातली सगळी थोरली माणसं बसलेली आहेत. आपल्यात माणसाला जाळत नाहीत, आपल्याच रानात बसवून माती देतात. तुमच्या आजोबांनी दोन पोरांत रान वाटलं तेव्हा सांगितलं, समाध्यांचा कोपरा दोघांचा. सांगितलं ते तोंडानं! लिहिलं कुणी नाही. पुढं मोजणी आली, मोजणीदारानं साखळी सरळ ओढली, आणि कोपरा गेला तुमच्या चुलतभावाच्या, बसलिंगच्या सातबाऱ्यावर. कितीतरी वर्षं कुणाला पत्ताच नव्हता. मग एका साली बसलिंगनं तिथं कडब्याची गंजी रचली, तुमच्या आईच्या समाधीला अगदी टेकून, आणि तुम्ही दोघं भर शिवारात एकमेकांच्या अंगावर गेलात. तो म्हणाला, "सातबारा बघ जाऊन. रान माझं हाय. तुला माती द्यायची येळ आली तर देऊ की जागा, न्हाई कोण म्हणतंय?"

हे तुमच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं कंधारला आलात, दुकानाच्या पायरीवर बसलात आणि म्हणालात, "मी त्याच्या मेहरबानीवर मातीत जाणार न्हाई. माझ्या हक्काच्या जागंत जाईन. मोजणीच्या आधीच्या जुन्या कागदात समाध्यांची जागा लिवलेली असंल, त्यो कागद काढू." मी म्हणालो, दाजी, तुम्ही ठणठणीत आहात, घाई काय? तर म्हणालात, "घाई न्हाई म्हणूनच आत्ता काढायचा."

आणि मुहूर्त तरी कसला निवडलात! नवा जिल्हा नुकताच झालेला, आणि पावसानं पाठ फिरवलेली. जुन्या जिल्ह्याला गेलो तर तिथला कारकून म्हणाला, तुमच्या तालुक्याच्या कागदांचे बस्ते ट्रकात घालून नव्या जिल्ह्याला पाठवले. म्हणताना काय आनंद त्याच्या तोंडावर! नव्या जिल्ह्याला गेलो तर तिथला म्हणाला, अजून पोचले नाहीत. पुन्हा जुन्याला गेलो. पाठवले. पुन्हा नव्याला. नाही आले. अख्खा तालुका मधल्या रस्त्यात कुठल्या धाब्यावर उतरला होता कुणास ठाऊक. चाकूरच्या स्टँडवरचा चहावाला आपल्याला लांबून बघूनच विचारायचा, "आज जुना का नवा?"

शेवटी नव्या जिल्ह्याला, लातूरलाच, एका भाड्याच्या इमारतीत आपल्याला लाल फडक्यात बांधलेल्या बस्त्यांचा ढीग दिसला. कपाटं यायची होती. खुर्च्याही यायच्या होत्या. एक कारकून बस्त्यावर मांडी घालून डबा खात होता. आपण तालुक्याचं नाव सांगितलं. तो घास चावत म्हणाला, "आलेला नाही." तुम्ही खाली वाकलात, त्याच्या मांडीखालून बाहेर आलेली चिठ्ठी वाचलीत आणि इतक्या अदबीनं म्हणालात, "साहेब, जरा उठताव का? तुम्ही आमच्या तालुक्यावर बसलाव."

उठला बिचारा. पण सरकारी माणूस तो, हार मानेल? म्हणाला, सापडलं म्हणजे मिळालं असं नाही. नक्कल द्यायची तर शिक्का लागतो, शिक्क्याच्या पेटीची किल्ली रेकॉर्डकीपरकडं, आणि रेकॉर्डकीपर टँकरच्या ड्यूटीवर. दुष्काळात कुणाला कुठं जुंपतील नेम नव्हता. मी म्हणालो, चला घरी. तुम्ही म्हणालात, "टँकर काय पाताळात गेलाय का?"

गेलो की टँकरच्या मागं. दोन गाड्या बदलून, मग पायी, डोक्यावर ऊन असं की चपलेतून चटका बसत होता. एका वाडीवर सापडला टँकर. भोवती घागरींची रांग, रांग कसली, लढाईच, आणि मधोमध रेकॉर्डकीपर दोन्ही हात वर करून उभा. तुम्ही म्हणालात, "साहेब, एक नक्कल हुती." त्यानं वर न बघता पाइपचं तोंड तुमच्या हातात दिलं. "हे धरा आधी." धरलंत! पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला रुमाल, कपाळाला विभूती, आणि हातात पाइप. एक म्हातारी ओरडली, "ए बाबा, घागरीत धर की! हवेला काय पाजतोस?" तुम्ही गुडघ्यापर्यंत भिजलात. आणि तुमचं लक्ष घागरीत होतं तेवढ्यात रेकॉर्डकीपर तहसीलच्या जीपमध्ये बसून पसार झाला.

परतीच्या वाटेवर मी तुम्हाला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "बायांना पाणी तर मिळालं." अहो, पण आपण पाणी वाटायला गेलो होतो का? हे भांडण आपलं अजून मिटलेलं नाही, लक्षात ठेवा. माझं म्हणणं आजही तेच आहे.

नक्कल मिळाली, बऱ्याच खेपांनंतर. निजामाच्या काळातली, सगळी उर्दूत. आपण दोघांनी ती उलटी धरून बघितली, सुलटी धरून बघितली. मग मी तुम्हाला कंधारला आमच्या मास्टरसाबांकडं नेलं, किल्ल्याच्या रस्त्याला राहायचे, उर्दू शाळेतून रिटायर झालेले. त्यांच्या पोरींच्या बांगड्या माझ्याच दुकानातून जायच्या. त्यांनी चहा सांगितला, चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. वाचता वाचता थांबले. "दाजीसाब, तुमारे गाव में नदी हय क्या?"

"न्हाई."

"तो ये तुमारा सावरगाव नै. ये दूसरा हय. इसमें खेत नदी के किनारे लिखा हय."

मराठवाड्यात एकच सावरगाव असलेला तालुका मला दाखवा, मी दुकान त्याच्या नावावर करतो. आपण इतके महिने दुसऱ्याच्याच गावाच्या मागं फिरत होतो. पण तुम्ही मानाल तर शपथ. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "असंल मास्टर पूर्वी नदी. आता दुष्काळ हाय, आटली असंल."

मास्टरसाब इतके हसले की चष्मा मांडीवर पडला. "अरे बाबा, नदी सूखती, पर उड के नै जाती!"

मीही हसलो. पोट धरून हसलो. तेव्हा माझी बायको, सुमन, जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा हसलो. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि बशी पुन्हा उचललीत. पहिल्या खेपेला मला न्यायला आलात तेव्हा म्हणाला होता, "मला बारीक अक्षर दिसंना, तू संगं चल." खोटारडे! परवा आक्का सांगत होती, गेल्या महिन्यापर्यंत तुम्ही तिला सुईत दोरा ओवून देत होता. ती म्हणाली, "तू दुकानात नुसता भिंतीकडं बघत बसायचास. ते म्हणाले, ह्याला हिंडवून आणतो, न्हाईतर हा बी जाईल." मला कधी कळू दिलं नाहीत. आणि मी सगळ्या एसटीभर तुमच्या नावानं बोटं मोडत हिंडलो. दाजी, तुम्ही मला त्या घरातून ओढून बाहेर काढलंत. तोंडावर बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, गाडी आली का बघ. म्हणून आता लिहून सांगतो.

पण राग त्यामुळं कमी होत नाही. राग आहे तो हरकतीचा.

तहसीलच्या दारात लिंबाखाली बसणाऱ्या अर्जनवीसानं तुम्हाला कानमंत्र दिला होता. त्या गट नंबरावर समोरच्यानं काहीही दाखल केलं की हरकत ठोकायची. हरकत घेतली की प्रकरण वादात पडतं, वादात पडलं की कुणाचंच काही होत नाही, आणि आपल्याला कागद शोधायला सवड मिळते. वा रे अक्कल! तुम्हाला हे इतकं आवडलं की येता जाता चावडीवरचा फळा बघायला लागलात. आणि एक दिवस फळ्यावर तुमचा गट नंबर आणि बसलिंगचं नाव दिसलं. मी त्या दिवशी कंधारला होतो. आक्का सांगते, रीतसर नोटीसही घरी आली होती, तुम्ही अंगठ्याएवढी सही करून ती देवळीत सारलीत. ती म्हणाली, "आधी वाचा तरी काय लिवलंय." तुम्ही म्हणालात, "वाचायचं काय? बसलिंगचं नाव हाय की." आणि तसेच जाऊन हरकत दिलीत. नंतर मी विचारलं, दाजी, त्याचा अर्ज होता तरी कशाचा? "काय असणार? कोपरा इकायला काढला असंल."

मग सुरू झाल्या तारखा, गिरदावर साहेबांसमोर. चार-सहा तलाठ्यांवरचा हा साहेब, आणि दुष्काळात त्याला बसायला वेळ कुठला? दर तारखेला कोतवाल यायचा आणि सांगायचा, साहेब टंचाईच्या मीटिंगला गेलेत, पुढची तारीख घ्या. त्या चावडीपुढं एकच बाकडं. एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला बसलिंग, आणि मधे मी. तुम्ही पूर्वेला बघायचा, तो पश्चिमेला. एकदा उन्हानं माझा घसा कोरडा पडला. तुमच्या तांब्यातलं पाणी संपलं होतं. बसलिंगनं त्याचा फिरकीचा तांब्या बाकड्यावरून माझ्याकडं सरकवला. मी प्यालो, आणि तुम्ही चाकूरपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. मी म्हणालो, पाणी प्यालो, सही नाही केली! तरी नाही.

पण तारीख मात्र एक चुकवली नाहीत. ताप असताना आलात, गुडघा सुजला होता तेव्हा आलात. बसलिंगही यायचा. आता वाटतं, तुम्ही दोघं त्या बाकड्यावर जेवढे जवळ बसलात तेवढे सख्खे भाऊ बसत नाहीत.

आणि मग तुम्ही गेलात. सकाळी बैलापुढं पेंड ठेवता ठेवता गोठ्यात खाली बसलात ते बसलातच. मी पोचलो तेव्हा ओसरीवर तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं होतं, तुमची पोरगी नांदेडहून निघाली होती. मातीचे विधी करायला आलेल्या स्वामींनी विचारलं, "जागा कुठली?" अंगणात माणूस माणसाकडं बघायला लागलं. आतून आक्काचा आवाज आला, "बसलिंगभाऊजींला इचारायचं न्हाई. ह्यांनी मला शपथ घातलीय. खालच्या बांधाला खड्डा खांदा." खालचा बांध म्हणजे ओढ्याकडेचा, एकटा, जिथं तुमच्या घरचं कुणी नाही. मला ते ऐकवेना.

तेवढ्यात शेजारचा एक जण धावत आला. म्हणाला, वर कोपऱ्यात खड्डा खांदायलेत.

गेलो. बसलिंग स्वतः पहार घेऊन खड्ड्यात उतरलेला. जमीन इतकी वाळलेली की पहार ठणकन् उडत होती. त्यानं भिजवायला पाणी ओतलं होतं. त्याची सून बांधावर रिकामी घागर धरून उभी होती आणि म्हणत होती, "मामा, घरात प्यायला थेंब न्हाई. टँकर कवा येईल देव जाणं." तो ऐकत नव्हता. कडब्याची गंजी हलवून पार पलीकडं नेली होती.

मी म्हणालो, "थांबा. दाजींना मेहरबानी नको होती."

त्यानं पहार फेकली. खड्ड्यातूनच माझ्यावर ओरडला, "कसली मेहरबानी रं? हा कोपरा दोघांचा लिवा म्हणून अर्ज मी दिला हुता! माझी आई बी हितंच हाय की! आणि त्यानंच हरकत घेतली! कचेरीत जाऊन इचार!"

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? मला बघितलं की रस्ता बदलत हुता. आणि तोंडानं कशाला सांगायचं? सरकारी नोटीस गेली हुती घरी. वाचता येत न्हाई का त्याला?"

दाजी! अहो दाजी! काय म्हणू तुम्हाला? जो कागद शोधायला आपण दोन जिल्हे पालथे घातले, दुसऱ्याच्या सावरगावची नदी वाचून आलो, टँकरचा पाइप धरला, तो कागद तुमच्या दारात चालत आला होता आणि तुम्ही त्याला हरकत घेतलीत. स्वतःच्याच हक्काला! आणि हा दुसरा शहाणा. बाकड्यावर एवढा वेळ शेजारी बसला, पाणी पाजलं, पण तोंडातून शब्द काढला नाही, कारण नोटीस गेली होती! एका आजोबाचे दोन नातू शोभता खरे. मी तिथं बांधावर बसलो आणि हसायला लागलो, आणि हसता हसता रडायला लागलो. लोकांना वाटलं ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला. एकानं माझ्या नाकाला कांदा लावला.

आक्काला जाऊन सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी सांगत हुते, वाचा म्हणून." आणि पदर तोंडाला लावून उठली, "चला. तिथंच."

तुम्हाला तिथंच बसवलं, आईच्या शेजारी. बेलाची पानं बसलिंगनं कुठून पैदा केली देव जाणे, झाडं तर सगळी खराटा झालीत. पहिली मूठ त्यानं टाकली. तुम्हाला आवडलं नसतं, पण तुम्हाला विचारतंय कोण?

आता कालचं सांगतो आणि थांबतो. काल तारीख होती. तुमचीच, हरकतीची. मी म्हणालो, आता तरी जाऊन हरकत काढून घेऊ, म्हणजे कोपरा दोघांचा लागेल, दाजींच्या मनासारखं होईल. बसलिंग माझ्याआधीच बाकड्यावर येऊन बसला होता, त्याच्या नेहमीच्या टोकाला. तुमच्या टोकाला कुणी बसलं नाही. मी मधेच बसलो. आणि गंमत बघा, काल गिरदावर साहेब हजर! तुम्ही असताना कधी तोंड दाखवलं नाही त्या माणसानं.

मी म्हणालो, साहेब, हरकत मागं घ्यायची आहे. ते म्हणाले, "हरकतदारानं स्वतः येऊन जबाब द्यावा लागतो."

"ते वारले."

"मग वारसांची नोंद लावा. वारस मागं घेतील."

"लावा ना."

"लावता येत नाही. त्या गटावर हरकत आहे. तिचा निकाल होईपर्यंत कुठलीच नोंद नाही."

"हरकत कुणाची?"

त्यांनी कागद बघितला. "मयताची."

मी डोक्याला हात लावला. साहेबही जरा ओशाळले, पण रीत ती रीत. म्हणाले, प्रकरण बोर्डावर आहे, पुकारा तर करावाच लागेल. आणि कोतवालाला खूण केली. तो दारात गेला आणि रिकाम्या रस्त्याकडं तोंड करून ओरडला, "हरकतदार मन्मथप्पा हाजिर हैऽऽ?"

त्यानं पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेवढ्यात बसलिंग बाकड्यावरून उठला. दोन्ही हात जोडले, आवाज फाटला होता त्याचा. म्हणाला, "वरडू नका ओ. हाय त्यो. कुठं जातंय? त्याच्या हक्काच्या जागंत बसलाय."

त्याच्या हक्काच्या जागेत, दाजी. बसलिंगच्या तोंडून, भर चावडीत, साहेबासमोर. साहेबांनी मान खाली घातली आणि लिहिलं, हरकतदार गैरहजर, पुढील तारीख. एवढंच लिहिलं. पण कोतवालानं ऐकलं, साहेबांनी ऐकलं, मी ऐकलं.

एक तारीख कधी चुकवली नाहीत हो तुम्ही. नेमकी हीच चुकवलीत.